तारण पक्कं, मग आज्ञा कशाला?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधल्या सुधारित चर्चमध्ये रविवारी दुपारची उपासना म्हणजे प्रश्नोत्तरीवरचं प्रवचन असे. ही प्रश्नोत्तरी 1563 साली जर्मनीतल्या हायडलबर्ग शहरात तयार झाली. तिच्यात 129 प्रश्न आहेत आणि वर्षाच्या 52 रविवारांत त्यांची वाटणी केलेली आहे. चोविसाव्या रविवारी 64वा प्रश्न येतो. माणसाचं तारण त्याच्या सत्कर्मांनी होत नाही, ते देवाच्या कृपेने फुकट मिळतं, हे तोवर शिकवून झालेलं असतं. मग प्रश्नोत्तरी स्वतःलाच अडवते: असं शिकवलं तर माणसं बेफिकीर आणि अधर्मी होणार नाहीत का? तिचं उत्तर नकारार्थी आहे. खऱ्या विश्वासाने जो ख्रिस्ताला जोडला गेला, त्याच्या आयुष्याला कृतज्ञतेची फळं आल्यावाचून राहत नाहीत, असं ती सांगते.

या छोट्या पुस्तकाची मांडणीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पहिल्या भागात माणसाची दुर्दशा, दुसऱ्यात सुटका, तिसऱ्यात कृतज्ञता. मोशेच्या दहा आज्ञांचं विवरण येतं ते तिसऱ्या भागात. म्हणजे आज्ञा पाळायच्या त्या तारण मिळवायला नाही, ते मिळालं म्हणून. हे उत्तर या चर्चमधल्या शेतकऱ्यांपासून सावकारांपर्यंत अनेकांनी लहानपणीच पाठ केलेलं होतं. तरीही त्याने सगळ्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि पुढच्या अर्धशतकात या असमाधानाच्या ठिणगीने एक अख्खं प्रजासत्ताक पेटलं.

वादाची मुळं जुनी होती. मार्टिन लुथरने 1517 नंतर जी मोहीम उघडली, तिचं वर्म हेच होतं की पुण्याचा हिशेब ठेवून कुणाला देवासमोर उभं राहता येत नाही. त्यावर रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत जानेवारी 1547 मध्ये आपलं म्हणणं लेखी मांडलं. खास दैवी प्रकटीकरण झाल्याखेरीज, आपण शेवटपर्यंत कृपेत टिकणारच अशी पक्की खात्री कुणीही बाळगू नये, मिळालेली कृपा गमावता येते, असं परिषदेने ठरवलं. कृपा गमावता येते हे लुथरच्या अनुयायांनाही मान्य होतं. जिनिव्हाच्या जॉन कॅल्विनने आणि त्याच्यामागून थिओडोर बेझाने मात्र दुसऱ्या टोकाला पाय रोवले. देवाने कुणाला तारायचं हे जगाच्या उत्पत्तीआधीच ठरवलं आहे; हीच पूर्वनेमणूक. आणि ज्याला देवाने धरलं त्याला तो सोडत नाही.

आपल्याकडे रामानुजांच्या परंपरेत असाच पेच पडला होता. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. मग भक्त कोणतं पिल्लू? जिनिव्हाने मांजरीच्या बाजूने कौल दिला होता. तेवढ्यावर ही तुलना थांबवायला हवी, कारण हॉलंडमध्ये पुढे जे घडलं त्यात फौजा, भाडोत्री शिपाई आणि फाशीचा खांबही आला.

याकोबस आर्मिनियसचा जन्म औडेवाटर या गावचा, साधारण 1559 चा. वडील लवकर गेले. 1575 मध्ये स्पॅनिश फौजेने औडेवाटर लुटून तिथल्या लोकांची कत्तल केली, तेव्हा हा मुलगा जर्मनीत मारबुर्गला शिकत होता. आई आणि भावंडं त्या कत्तलीत गेली. पुढे तो त्याच वर्षी स्थापन झालेल्या लायडन विद्यापीठात शिकला, ॲम्स्टरडॅमकरांच्या खर्चाने जिनिव्हाला खुद्द बेझाच्या हाताखाली बसला आणि 1588 मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये पाळक झाला. तोवर त्याच्याविषयी कुणाला शंका नव्हती.

शंका सुरू झाली ती प्रवचनांवरून. 1591 च्या सुमारास त्याने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायावर प्रवचनं दिली. या अध्यायात पौल म्हणतो की जे करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच मी करून बसतो. हे बोलणारा माणूस कोण? कॅल्विनच्या परंपरेत उत्तर होतं: नवा जन्म झालेला, तारलेला ख्रिस्ती माणूस, त्याच्यातही पापाशी झुंज चालूच असते. आर्मिनियस म्हणाला, नाही. हा अजून नियमशास्त्राच्या ओझ्याखाली असलेला, कृपेने नवा न झालेला माणूस आहे. वरवर पाहता हा पंडितांचा किस काढणं आहे. पण बाकावर बसलेल्या माणसासाठी फरक मोठा होता. तारलेला माणूसही असाच हरत राहतो असं म्हटलं, तर रोज हरणाऱ्याला दिलासा मिळतो आणि आळशाला सबबही. आर्मिनियसला या सबबीची धास्ती होती. पुढेही तो दोन रोगांबद्दल बजावत राहिला: एकीकडे निराशा, दुसरीकडे गाफील निश्चिंतपणा. दोन्ही आत्म्याचा घात करतात, असं त्याचं म्हणणं.

त्याला पहिला जाब विचारला तो सहकारी पाळक पेट्रुस प्लान्सियसने. हा मोठा नकाशाकार होता. पूर्वेच्या समुद्रात निघालेल्या डच जहाजांना त्याचे नकाशे आणि त्याचा सल्ला लागत असे. दक्षिणेतून, म्हणजे आजच्या बेल्जियममधून, स्पॅनिश छळामुळे पळून आलेल्या कडव्या सुधारितपंथीयांपैकी तो एक. ही निर्वासित मंडळी या कथेत पुन्हापुन्हा भेटतात. घरदार सोडून आलेल्या या लोकांना ‘देवाने धरलेला सुटत नाही’ ही शिकवण म्हणजे जगण्याचा आधार होती, आणि तो आधार कुणी हलवला की त्यांचा तोल जाई. त्यांच्या कडवेपणाला नावं ठेवण्याआधी हे विसरू नये.

1602 च्या प्लेगमध्ये लायडनचे धर्मशास्त्राचे दोन प्राध्यापक दगावले आणि 1603 मध्ये एका रिकाम्या जागी आर्मिनियस आला. तिथे फ्रान्सिस्कस गोमारस आधीपासून शिकवत होता. हा ब्रूजचा, तोही दक्षिणेतला निर्वासित. 1604 मध्ये पूर्वनेमणुकीवर दोघांचे उघड खटके उडाले. विद्यार्थी वाटले गेले, मग ते पाळक होऊन गावोगाव गेले आणि वादही त्यांच्याबरोबर गेला. 30 ऑक्टोबर 1608 ला आर्मिनियसने हॉलंड प्रांताच्या सभेपुढे हेगमध्ये आपलं सविस्तर निवेदन केलं. खरा विश्वासणारा पूर्णपणे आणि कायमचा पतित होऊ शकतो, असं आपण कधीच शिकवलेलं नाही, असं त्याने तिथे सांगितलं. पण पवित्र शास्त्रात काही वचनं तशी दिसतात आणि त्यांना दिलेली उत्तरं आपल्याला पटत नाहीत, हेही त्याने लपवलं नाही. एक वर्षाने, 19 ऑक्टोबर 1609 ला, तो क्षयाने वारला.

तो गेल्यावर त्याचे मित्र योहानेस यूटेनबोगार्टच्या पुढाकाराने जमले. चाळीसहून अधिक पाळकांनी जानेवारी 1610 मध्ये पाच कलमांचं एक निवेदन तयार केलं. लॅटिन शब्दावरून त्यांचं नाव रेमॉन्स्ट्रंट पडलं. आपण त्यांना निवेदनवाले म्हणू, आणि 1611 मध्ये उलट निवेदन देणाऱ्या गोमारसच्या बाजूच्यांना प्रतिनिवेदनवाले. या पाच कलमांपैकी शेवटचं आपल्या विषयाचं. तारलेला माणूस कृपेच्या मदतीने सैतान, जग आणि देह यांच्यावर विजय मिळवू शकतो, असं त्यात म्हटलं होतं. पण हाच माणूस आपल्या गाफीलपणामुळे मिळालेली कृपा गमावू शकतो का, याचा पवित्र शास्त्रातून आणखी नीट शोध घेतल्यावाचून आम्ही ठामपणे शिकवणार नाही, असंही त्यांनी लिहिलं. कलम उघडं ठेवलं होतं. पुढच्या आठ वर्षांच्या भांडणाने त्यांना एका बाजूला ढकललं. 1618 मध्ये त्यांनी जे लेखी दिलं, त्यात खरा विश्वासणाराही पतित होऊ शकतो हे उघड मांडलेलं होतं.

वचनं दोन्हीकडे होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की त्याची मेंढरं कुणी त्याच्या हातून हिसकावून घेऊ शकणार नाही. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात, एकदा प्रकाश मिळून नंतर पतित झालेल्यांविषयी अंगावर काटा आणणारा इशारा आहे. प्रतिनिवेदनवाल्यांना पहिलं वचन खडकासारखं वाटे आणि दुसरं हा फक्त इशारा. निवेदनवाले विचारत, जे घडूच शकत नाही त्याचा इशारा देव कशाला देईल?

हा वाद दोन प्राध्यापकांत राहिला असता तर चार पुस्तकांपलीकडे गेला नसता. पण चर्च कोणाच्या हुकमतीत, हा प्रश्न त्यात मिसळला. निवेदनवाल्यांनी आपलं म्हणणं चर्चच्या सभेला न देता हॉलंडच्या सरकारकडे दिलं होतं. सरकारचा कर्ताधर्ता योहान फान ओल्डेनबार्नेव्हेल्ट. स्पेनशी 1609 मध्ये बारा वर्षांचा तह घडवून आणणारा, प्रजासत्ताकाची घडी बसवणारा हा म्हातारा मुत्सद्दी. काहीही न जाणणं हाच सर्वांत सुरक्षित विश्वास, असं त्याच्या घराण्याचं बोधवाक्य होतं. पाळकांनी एकमेकांना सहन करावं आणि चर्चमध्ये अंतिम शब्द सरकारचा असावा, असं त्याचं धोरण. समोर होता सेनापती मॉरित्स, ऑरेंज घराण्याचा. तह त्याला मान्य नव्हता आणि ओल्डेनबार्नेव्हेल्टचं वजन डोळ्यांत खुपत होतं. पूर्वनेमणूक हिरवी असते की निळी हे आपल्याला ठाऊक नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्याच्या नावावर सांगतात. खरं असो वा नसो, ते त्याला शोभतं. पण त्याला एवढं कळत होतं की दक्षिणेचे निर्वासित, कडवे पाळक आणि ॲम्स्टरडॅमचे तहविरोधी व्यापारी एका बाजूला येत आहेत.

शेजारच्या इंग्लंडचा राजा पहिला जेम्सही यात पडला. लायडनचा पेट्रुस बर्टियस, ज्याने आर्मिनियसच्या अंत्यसंस्काराला भाषण केलं होतं, त्याने पवित्रजनांच्या पतनावर एक पुस्तक लिहिलं. शीर्षक वाचूनच जेम्सचा पारा चढला. या बर्टियसची पुढची गोष्ट इथेच सांगून टाकतो. पक्ष हरल्यावर तो फ्रान्सला गेला आणि 1620 मध्ये कॅथलिक झाला. पवित्रजन पतित होऊ शकतात याचा त्याहून सोयीचा पुरावा विरोधकांना कुठे मिळणार होता! अर्थात तो मुळात पवित्रजन नव्हताच, असंही त्यांना म्हणता येत होतं; त्यांच्या सिद्धान्तात ती सोय होती, आणि तोच त्याचा सर्वांत कच्चा दुवा होता.

रस्त्यावरचं चित्र 1616 पासून बिघडलं. हेगमध्ये हेन्रिकस रोसेयस या प्रतिनिवेदनवाल्या पाळकाला कामावरून दूर केलं गेलं. त्याचे लोक दर रविवारी शहराबाहेर रायस्वाइकला चालत जाऊन उपासना करू लागले. पावसाळी वाटेचा चिखल कपड्यांवर घेऊन परतणाऱ्या या लोकांना ‘चिखले’ असं हिणवलं जाई. त्यांनी ते नाव मिरवायला सुरुवात केली. फेब्रुवारी 1617 मध्ये ॲम्स्टरडॅमला जमावाने रेम बिशप या निवेदनवाल्या व्यापाऱ्याचं घर लुटलं. त्याचा भाऊ सिमोन एपिस्कोपियस तेव्हा लायडनला धर्मशास्त्र शिकवत होता. जुलैमध्ये हेगच्या चिखल्यांनी क्लोस्टरकेर्क हे मोठं देऊळ ताब्यात घेतलं, आणि 23 तारखेला मॉरित्स स्वतः लवाजम्यासह तिथल्या उपासनेला जाऊन बसला. त्या दिवसापासून कोण कोणाच्या बाजूला आहे हे विचारायची गरज उरली नाही.

ओल्डेनबार्नेव्हेल्टने 4 ऑगस्टला हॉलंडच्या सभेकडून ठराव करून घेतला: शहरांनी बंदोबस्तासाठी स्वतःचे भाडोत्री शिपाई ठेवावेत. सेनापतीच्या फौजेशेजारी दुसरी फौज, म्हणजे यादवीची पहिली पायरी. मॉरित्सने वर्षभर वाट पाहिली. जुलै 1618 च्या अखेरीस उट्रेख्तच्या चौकात त्याने तिथल्या भाडोत्री शिपायांना शस्त्रं खाली ठेवायला लावली. रक्त सांडलं नाही. 29 ऑगस्टला ओल्डेनबार्नेव्हेल्ट, त्याचा सहकारी कायदेपंडित ह्यूगो ग्रोटियस आणि लायडनचा होगरबेट्स यांना अटक झाली. निवेदनवाल्यांची ढाल गेली. मग सभा भरली.

13 नोव्हेंबर 1618 ला डॉर्ड्रेख्त, म्हणजेच डॉर्ड, शहरात राष्ट्रीय धर्मसभेला सुरुवात झाली. जागा होती नागरी बंदूकधाऱ्यांचं सभागृह. डच पाळक, वडील आणि प्राध्यापक होतेच. शिवाय इंग्लंड, जर्मनीची संस्थानं, जिनिव्हा आणि स्वित्झर्लंडमधून पंचवीसहून अधिक विद्वान आले. फ्रान्सच्या राजाने आपल्या सुधारितपंथीयांना येऊ दिलं नाही. त्यांच्यासाठी बाक रिकामं ठेवलं होतं. कामकाज लॅटिनमध्ये चाले. अध्यक्ष लेउवार्डनचा पाळक योहानेस बोगरमान.

आत काय घडलं हे आपल्याला बरंच तपशिलाने कळतं, कारण इंग्लंडच्या वकिलाचा धर्मगुरू जॉन हेल्स सभेला बसून आपल्या साहेबाला पत्रं धाडत होता. तो परत गेल्यावर हे काम स्कॉटलंडच्या वॉल्टर बालकॅनक्वलने केलं. दोघांनीही विजेत्यांना झाकून घेतलेलं नाही. इंग्लंडच्या जोसेफ हॉलने सुरुवातीला प्रवचन दिलं, आणि विषय घेतला नीतीचा अतिरेक टाळण्याचा सल्ला देणाऱ्या, ‘उपदेशक’ या पुस्तकातल्या वचनाचा. सभेने ऐकलं, मानलं किती ते पुढे दिसतं. एका बैठकीत गोमारस ब्रेमेनच्या मथायस मार्टिनियसवर इतका भडकला की त्याने हातमोजा खाली टाकून द्वंद्वाचं आव्हान दिलं. ख्रिस्ताविषयीच्या मुद्द्यावर, भर धर्मसभेत! अध्यक्षांनी कसंबसं आवरलं. या पत्रांत हा प्रसंग आहे.

निवेदनवाल्यांना सभासद म्हणून बोलावलं नव्हतं; त्यांना आरोपी म्हणून हजर राहायचं होतं. 7 डिसेंबरला एपिस्कोपियसने त्यांच्या वतीने लांबलचक भाषण केलं. मग आठवडेच्या आठवडे कार्यपद्धतीवर वाद चालला. निवेदनवाल्यांना सुरुवात नाकारलेल्यांच्या दैवापासून करायची होती, म्हणजे देवाने ज्यांना निवडलं नाही त्यांचं काय, इथून. अध्यक्षांना ते मान्य नव्हतं. डावपेच म्हणून ती चांगली चाल होती, कारण पूर्वनेमणुकीची सर्वांत कठोर बाजू तीच आहे. न्यायसभा म्हणून पाहिलं तर त्यांना आपलं म्हणणं आपल्या क्रमाने मांडू देणं अवघड नव्हतं. 14 जानेवारी 1619 ला बोगरमानचा संयम सुटला. खोटारडे, कपटी अशा शब्दांत बोलून त्याने त्यांना बाहेर काढलं. परदेशी पाहुण्यांपैकी काहींना ते लागलं. पुढचा न्याय त्यांच्या पुस्तकांवरून, त्यांच्या गैरहजेरीत झाला.

आणि तरीही, जे निर्णय लिहिले गेले ते बोगरमानच्या त्या स्वरातले नाहीत. याचं श्रेय परदेशी प्रतिनिधींना, विशेषतः इंग्लंड आणि ब्रेमेनच्या मंडळींना द्यावं लागतं. गोमारसला हव्या त्या टोकाच्या सूत्रांना निर्णयांत जागा मिळाली नाही. 59 कलमांपैकी शेवटची पंधरा पवित्रजनांच्या अखेरपर्यंत टिकण्याविषयी आहेत. ती वाचताना जाणवतं की लिहिणाऱ्यांना 64वा प्रश्न छळत होता.

ही कलमं सुरुवातच कबुलीने करतात: तारलेले लोकही पाप करतात, आणि किरकोळ नव्हे. दावीद आणि पेत्र यांची नावं घेऊन ती सांगतात की संतांच्या हातूनही घोर गुन्हे घडले. अशा गुन्ह्यांनी देव दुखावतो, विवेकाला जखम होते, कृपेची जाणीव काही काळ हरपते. पण देव आपल्या लोकांतून पवित्र आत्मा साफ काढून घेत नाही. पश्चात्तापाने तो त्यांना परत आणतो. टिकणं हे त्यांच्या बळावर नाही. तसं असतं तर कुणीच टिकला नसता. मग येतो आज्ञापालनाचा मुद्दा. ही शिकवण देहाला झोपवणारी उशी आहे, असा निवेदनवाल्यांचा आक्षेप होता. सभेने तो नावानिशी फेटाळला. खात्री असलेला माणूस उन्मत्त होत नाही. त्या खात्रीतून नम्रता, लेकराची भीती, प्रार्थना आणि उपकाराची जाण येते, असं तिने लिहिलं. बापाच्या मायेचा गैरफायदा घेतला तर त्याचं तोंड फिरेल, या धाकाने तो अधिकच जपून चालतो. आणि देव हे काम हवेतून करत नाही. वचन ऐकणं, बोध, धमक्या, आश्वासनं आणि संस्कार या साधनांनी करतो.

धमक्यांना ही मंडळी हद्दपार करत नाहीत, हे इथे दिसतं. इब्री लोकांस पत्रातला इशारा खोटा नाही. तो ऐकूनच माणूस कड्यापासून मागे सरतो, आणि मागे सरवणाराही देवच. निवेदनवाल्यांच्या प्रश्नाला हे खरंखुरं उत्तर होतं. ते त्यांना समोर बसवून द्यायला हवं होतं.

सर्वांनी एप्रिलमध्ये सह्या केल्या, 6 मे ला डॉर्ड्रेख्तच्या मोठ्या देवळात निर्णय जाहीर झाले. 9 मे ला परदेशी पाहुण्यांना सोन्याची पदकं आणि मेजवानी देऊन निरोप दिला गेला. त्यानंतर तीन दिवसांनी, 12 मे च्या संध्याकाळी, हेगच्या तुरुंगात ओल्डेनबार्नेव्हेल्टला सांगण्यात आलं की उद्या शिक्षा. अंतकाळी धीर द्यायला पाठवलेला पाळक होता अँटोनियस वालेयस, डॉर्डच्या सभेत बसून आलेला. वालेयसने या रात्रीची हकीकत नंतर लिहून ठेवली, आणि म्हाताऱ्याचा नोकर यान फ्रांकन यानेही मालकाच्या कैदेच्या दिवसांची नोंद केली. वालेयसशी त्याचं पूर्वनेमणुकीवर बोलणं झालं. दयेचा अर्ज करायला मात्र त्याने नकार दिला. अपराध केला नाही, तर क्षमा कशाची? 13 मे ला बिनेनहोफच्या आवारात, 71 वर्षांच्या वयात, काठी टेकत तो वधमंचावर चढला. आपण देशद्रोही नाही, प्रामाणिक देशभक्त म्हणून मरतो, असं लोकांना सांगून त्याने मान खाली घातली. उट्रेख्तचा चिटणीस लेडेनबर्ग याने आधीच कोठडीत आत्महत्या केली होती. त्याची शवपेटीच फाशीच्या खांबाला लटकवली गेली.

याचा दोष धर्मसभेच्या माथी मारणं बरोबर नाही. खटला राज्याचा होता आणि आरोपही राजकीय. पण दोन्ही गोष्टी एकाच विजयाच्या दोन बाजू होत्या. डॉर्डमध्ये ज्या लोकांनी लिहिलं की खरं आज्ञापालन उपकाराच्या जाणिवेतून येतं, त्यांनीच पाळकांपुढे सहीसाठी कागद ठेवला, आणि त्या कागदामागे नोकरी आणि देश दोन्ही गमावण्याचा धाक होता. सुमारे 200 निवेदनवाले पाळक पदावरून गेले. गप्प राहण्याचं वचन ज्यांनी दिलं नाही त्यांना गाडीत बसवून सरहद्दीपलीकडे सोडलं. 1619 च्या शरदात अँटवर्पमध्ये, म्हणजे शत्रूच्या मुलखात, त्यांनी आपली बंधुमंडळी स्थापली. ग्रोटियसला लोव्हेस्टाइन किल्ल्यात जन्मठेप झाली. तिथून 1621 च्या मार्चमध्ये पुस्तकांच्या पेटाऱ्यात स्वतःला कोंबून तो निसटला. ही युक्ती बायकोची, मारिया फान रायगर्सबेर्खची. डच शाळकरी मुलांना अजून ही कथा माहीत असते, पूर्वनेमणूक माहीत असो वा नसो.

हा धाक फार काळ टिकला नाही. मॉरित्स 1625 मध्ये वारला, भाऊ फ्रेडरिक हेन्ड्रिकने दुर्लक्ष करायचं ठरवलं. 1630 मध्ये ॲम्स्टरडॅमला निवेदनवाल्यांचं देऊळ उभं राहिलं आणि 1634 मध्ये तिथेच एपिस्कोपियस त्यांच्या नव्या पाठशाळेत शिकवू लागला. ज्या गावांत पाळक काढून टाकल्यावर नवा घ्यायला लोक तयार नव्हते, तिथे काहींनी पाळकावाचूनच जमायला सुरुवात केली. वार्मोंडला सुरू झालेली ही मंडळी रायन्सबुर्गला गेली. पुढे त्याच गावात स्पिनोझा काही वर्षं राहिला. डॉर्डच्या सभेने न मागितलेलं हे फळ.

जिंकलेल्यांच्या बाजूला काय झालं, हे मला अधिक विचार करण्याजोगं वाटतं. निवेदनवाल्यांना भीती होती की तारणाची खात्री मिळालेले लोक मोकाट सुटतील. तसं झालं नाही. डॉर्डच्या तरुण सभासदांपैकी गिस्बर्टस व्होएटियस 1634 मध्ये उट्रेख्तला प्राध्यापक झाला आणि त्याच्या भोवती असे सुधारित लोक तयार झाले जे नाच, नाटक, जुगार आणि रविवारची कामं यांचा काटेकोर हिशेब ठेवत. बेफिकिरी सोडाच, सतत स्वतःला तपासणं हा त्यांचा रोजचा धंदा झाला. त्याचं बीज कलमांतच होतं. खात्री कशावरून, याच्या तीन जागा सभेने सांगितल्या होत्या: देवाची अभिवचनं, अंतःकरणातली आत्म्याची साक्ष, आणि शुद्ध विवेक व सत्कर्मं यांचा मनापासून ध्यास. पहिल्या दोन डोळ्यांना दिसत नाहीत. तिसरी दिसते. म्हणून विश्वासणारा तिसरीवर जाऊन थबकला: माझ्या आयुष्यात फळ दिसतं का? नाही दिसलं तर मी निवडलेला आहे का? सत्कर्मं तारणाचं कारण नाहीत, हे ठरलं होतं. आता ती तारणाचा दाखला झाली, आणि दाखल्यावाचून रात्री झोप न लागणारी माणसं तयार झाली. बेफिकिरीला दार लावलं तर धास्ती खिडकीतून आली.

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये हा पेच 1636-37 मध्ये उघड फुटला. बोस्टनच्या ॲन हचिन्सन या बाईंनी घरी जमणाऱ्या बायका-पुरुषांना सांगितलं की इथले पाळक चांगल्या वागणुकीला कृपेचा पुरावा मानून लोकांना पुन्हा कर्माच्या कराराखाली नेत आहेत. त्यांना वसाहतीबाहेर घालवण्यात आलं. इंग्लंडात शंभर वर्षांनी जॉन वेस्ली आर्मिनियसच्या बाजूला उभा राहिला आणि जॉर्ज व्हाइटफिल्ड डॉर्डच्या. 1739 मध्ये वेस्लीच्या प्रवचनावरून दोघांत फूट पडली. वेस्लीने 1778 मध्ये आपल्या मासिकाचं नावच आर्मिनियसवरून ठेवलं. पण व्हाइटफिल्ड 1770 मध्ये वारला, तेव्हा लंडनला त्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ प्रवचन देणारा वेस्लीच होता. मतभेद तसेच राहिले, कुणाची मान गेली नाही. डॉर्ड आणि हेगच्या दीडशे वर्षांनंतर एवढं जमलं होतं.

हे दोन्ही प्रवाह पुढे मुंबई बंदरावरही उतरले. डॉर्डच्या घराण्यातला सुधारित विश्वास घेऊन बोस्टनच्या संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये आले. त्यांच्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. 1829 मध्ये स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन आले, त्याच कुळातले. न्यू इंग्लंडच्या त्या परंपरेत मंडळीत घेण्याआधी उमेदवाराच्या वागण्यात कृपेची खूण शोधत. पहिल्या काही दशकांत या मिशनच्या पुस्तकात नावं थोडीच चढली, याची कारणं बरीच असली तरी हेही त्यातलं एक. 1871 मध्ये विल्यम टेलर आला तो वेस्लीच्या मेथडिस्ट पंथाचा. कृपा गमावता येते, म्हणून जागे राहा, असं सांगणारा. तेव्हापासून मुंबईतल्या ख्रिस्ती माणसाला 64व्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं एकाच शहरात, एकाच रविवारी, वेगवेगळ्या देवळांत ऐकता येऊ लागली.